अक्रोडाएवढी खडी

आमच्या अण्णांनी एकतीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढली, आणि त्यातली निम्मी तरी खडीच्या ढिगाशेजारी उभं राहून. ब्रास मोजायचे, मुरूम तपासायचा, रोलरवाल्याला हाका मारायच्या. रस्त्यावर डांबर पडणं म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्याची मुंज. तोवर ते नुसतं उघडं पोर. अजूनही कुठं खडीचा रस्ता दिसला की गाडीच्या काचेतून बघून म्हणतात, "कुणाचं तरी बिल अडकलंय."

अशा माणसाला मी पॅरिसहून फोनवर सांगत होते की मी ग्रॅव्हल सायकल घेतली.

"म्हणजे?"

"म्हणजे डांबर नसलेल्या रस्त्यावर चालवायची सायकल."

"डांबर उखडलंय का?"

"नाही अण्णा. घातलेलंच नाही."

"मग चांगला रस्ता नाही का तिकडं?"

"आहे की. आम्ही तो टाळतो."

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तीही युरोत. पण अण्णांचा गुणाकार एस्टिमेटं करून करून घासलेला. "एवढ्यात आपल्या शेताकडच्या वाटेवर मुरूम पडला असता," ते म्हणाले, "आणि तू तिथं फुकट चालवली असतीस." मग खरा प्रश्न आला. "टायर केवढा?"

"चाळीस एमएम."

"आणि खडी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुकानदाराने सायकलच्या सांगाड्यापासून बाटलीच्या खोबणीपर्यंत सगळं समजावलं होतं, पण खडीचा आकार कुणी काढला नव्हता. "खडी न विचारता टायर घेतला," अण्णा म्हणाले. पुढे आईकडे फोन देताना मला ऐकू येईल अशा बेताने, "कार्टीला शिकवलं कशाला."

आमचा बेत मोर्व्हांचा होता. मोर्व्हां म्हणजे बर्गंडीतला डोंगराळ, ग्रॅनाइटचा, जंगलांनी भरलेला भाग. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून आव्हालोंची गाडी पकडायची, सायकल गाडीत चढवायची आणि उतरलं की जंगल. ऑफिसातल्या एका फ्रेंच सहकाऱ्याने तीन दिवस आखून दिले होते. आव्हालोंखालच्या कुझँ नदीच्या खोऱ्यातून कारे-ले-तोंब, तिथून जंगलाजंगलाने सेतोंचा तलाव, आणि परत येताना क्युर नदीच्या कडेकडेने टेकडीवरचं व्हेझले गाव. तिथलं सगळ्यात उंच शिखर 901 मीटर, असं कळल्यावर मी हसले होते. मी साताऱ्याची. आमचं महाबळेश्वर याच्या दीडपट. तिथं आम्ही मक्याचं कणीस खायला जातो.

हसताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. महाबळेश्वरला मी एसटीने जाते.

आव्हालों एका उंच खडकावर वसलंय, त्यामुळे सुरुवातच उताराने झाली आणि मला वाटलं, हे आपल्याला जमणार. कुझँचं स्पेलिंग हुबेहूब कझिनचं आहे. वागणूकही भावकीचीच. पहिले काही किलोमीटर अगदी गळ्यात गळा. जुन्या पाणचक्क्या, सावली, पाण्याची झुळझुळ, कडेला नेचे. मग एका वळणावर नदी शांतपणे आपल्या वाटेने गेली आणि आम्हाला डावीकडे चढावर सोडून दिलं. हाका मारल्या असत्या तरी ओळख दाखवली नसती.

चढाला फ्रेंच सायकलवाल्यांकडे फार हुशार शब्द आहेत. 'फो प्ला' म्हणजे खोटी सपाटी. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, मांड्यांना नाही. ब्रेक उगीचच चाकाला घासतोय का म्हणून माणूस खाली वाकून बघतो. मी तीनदा बघितलं. दुसरा शब्द 'कु द कु', म्हणजे आखूड पण उभा चढ. याचा शब्दशः अर्थ मी इथे लिहीत नाही, पण त्यात ढुंगण आहे आणि फटका आहे. माझा सहकारी हे शब्द फार लाडाने वापरायचा, समोर 'छोटासा' लावून. खुद्द रस्त्याबद्दल मात्र त्याचं एकच मत असायचं, "सा रूल." चाक छान पळतंय. लाकडं वाहणाऱ्या अवजड यंत्रांनी जंगलातली वाट गुडघाभर खणून ठेवली होती, त्या चिखलातून सायकली खांद्यावर घेऊन आम्ही चाललो होतो, माझा एक बूट मागे राहिला होता, तेव्हाही सा रूल.

या चढाचं मूळ कारण मला संध्याकाळी कळलं. मोर्व्हांचा धंदा पिढ्यानपिढ्या एकच होता, पॅरिसला सरपण पुरवायचं. सोळाव्या शतकापासून इथली लाकडं सव्वा मीटरच्या आत तोडून, त्यांच्या तोंडावर व्यापाऱ्याची खूण हातोड्याने ठोकून सरळ नदीत ढकलायचे. क्युर आणि योन नद्या ती वाहून न्यायच्या, वाटेत त्यांचे तराफे बांधले जायचे आणि पुढे सीन नदीतून ती पॅरिसच्या चुलीपर्यंत पोचायची. म्हणजे इथून पॅरिसपर्यंत सगळा उतार. ओंडकेसुद्धा शेकडो वर्षं ज्या दिशेने फुकट गेले, त्याच्या बरोबर उलट दिशेने मी पैसे भरून निघाले होते.

कारे-ले-तोंबला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. फ्रेंच खेड्यात साडेबाराला शटर पडतं, ते तुम्ही मेलात तरी वर जात नाही. मेलात तर मात्र याच गावात सोय आहे. इथल्या चर्चभोवती शंभरावर दगडी शवपेट्या आणि त्यांची झाकणं मांडून ठेवली आहेत, हजारेक वर्षांपूर्वीची. गावाच्या नावातलं 'तोंब' ते हेच. मी एका पेटीकडे जरा जास्तच आपुलकीने बघत राहिले. लांबी पुरली असती.

पाणी संपलं होतं. यावर इथल्या सायकलवाल्यांचा जुना तोडगा आहे, दफनभूमी गाठायची. कुठल्याही फ्रेंच खेड्यात दुकान नसेल, हॉटेल नसेल, पण दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो. 'पिण्याचे पाणी नाही' अशी पाटी नसली की बाटली लावायची. माझे आजोबा तिन्हीसांजेला स्मशानाच्या बाजूने जाऊ द्यायचे नाहीत, आणि मी इथं कुणा अनोळखी माणसाच्या थडग्याला सायकल टेकू नये म्हणून ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नळ पिळत होते. शेजारी एक आजी हिरवी झारी भरायला उभ्या होत्या. मी घाईने "बाँझूर मादाम" म्हणून घेतलं. इथे ते आधी म्हटलं नाही तर पाणीसुद्धा कडू लागतं.

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत सुचीपर्णी झाडाचा पाला, एक बूट ओला आणि एक त्याहून ओला. कुठल्या तुम्ही, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भारतातली.

"सायकलवर?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण धाप इतकी लागली होती की नुसती मान हलली, आणि कुठल्या दिशेने हलली ते मलाही सांगता येणार नाही. आजींनी झारी खाली ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाँ कुराज," म्हणाल्या. हा शुभेच्छेचा शब्द फ्रेंच माणूस फक्त पुढे हाल आहेत अशी खात्री असेल तेव्हाच वापरतो. मग पिशवीतून त्यांनी दोन पीच काढून दिले. मोर्व्हांकडून ना चांगला वारा येतो ना चांगली माणसं, अशी एक जुनी फ्रेंच म्हण आहे. वाऱ्याबद्दल मी सहमत आहे.

दुसऱ्या दिवशी सेतोंच्या तलावाशी टेकलो. हा तलावही त्या लाकडांसाठीच, 1858 साली बांध घालून केलेला. पाणी सोडायचं आणि त्या लोंढ्याबरोबर ओंडके पॅरिसकडे. तिथं रेंज आली आणि लगेच अण्णांचा व्हिडिओ कॉल. त्यांची चहाची वेळ. मला वाटलं, तलाव दाखवावा, मागचं जंगल दाखवावं.

"ते राहू दे. कॅमेरा खाली कर."

मी रस्ता दाखवला. ते चष्मा वर करून बघत राहिले. "कॅम्बर ठीक आहे, पाणी कडेला जाईल. गटार काढलंय कडेला, छान. जरा पाय घासून बघ, मुरूम बसलाय का?" मी पाय घासला. माझा सहकारी लांबून बघत होता. त्याला वाटलं माझ्या पोटरीत गोळा आला. "कुठलं म्हणालीस हे? नेव्हर्स जवळ आहे का?"

नेव्हेर तिथून फार लांब नाही. पण साताऱ्यात बसून अण्णांना ते कसं माहीत?

"ट्रेसागेट तिथलाच," ते म्हणाले. गावचा कुणी पाहुणा असावा तसं. मला आधी वाटलं, गेट बनवणारी कंपनी असेल. मग उलगडलं, की पिएर त्रेझागे, जन्म नेव्हेर, 1716. रस्ते बांधणीच्या अभ्यासात रोमन लोकांनंतर आणि खडीच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅकॅडम या इंजिनिअरच्या आधी येणारा माणूस. खाली मोठे दगड उभे रचायचे, वर बारीक खडी, पाणी निघून जाईल असा बाक. "सगळ्यात वरचा थर अक्रोडाएवढ्या खडीचा," अण्णा म्हणाले. "डिप्लोमाला असताना पाठ केलंय. दहा मार्काला यायचं." आणि जरा थांबून, एरवी कधी काही न मागणाऱ्या माणसाने मागितलं, "येताना एक खडा आण."

मी दोन उचलले आणि जर्सीच्या मागच्या खिशात टाकले. पुढचा सगळा प्रवास, क्युरच्या काठचे ते सुंदर दगडी पूल आणि व्हेझलेचा तो शेवटचा 'छोटासा' कु द कु, मी तो ऐवज कमरेवर बाळगून केला. सायकलीचं वजन कमी व्हावं म्हणून माझ्या सहकाऱ्याने टूथब्रशची दांडी कापली होती. त्याला मी हे सांगितलं नाही. घरी आल्यावर खडे खिशातच विसरले. त्यांची आठवण वॉशिंग मशीनने करून दिली, सगळ्या मजल्याला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा धुतलेला, पुसलेला खडा अण्णांच्या हातात ठेवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवला. मग कपाटातून जुना व्हर्निअर कॅलिपर काढला, फुंकर मारली आणि खडा तिन्ही बाजूंनी मोजला. आई फराळाचं ताट घेऊन उभी. अण्णांनी कॅलिपर मिटला.

"अडतीस एमएम आहे. पण चपटा आहे," ते म्हणाले. "मी हा ट्रक परत पाठवला असता."