३०० शब्दांची अट: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चार ओळींत उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. पण तुम्ही स्वतः एक गट चालवता आणि तळमळीने लिहिलंय, तेव्हा उत्तरही ऐसपैस देते.

मध्येच आलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. रोलप्ले म्हणजे इथे दोघातिघांनी मिळून लिहायची गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र असतं. आपल्या पात्राचं वागणं-बोलणं आपण आळीपाळीने लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. पुष्कळ गटांत नियम असतो की एकेक पोस्ट किमान २०० किंवा ३०० शब्दांची हवी, काही ठिकाणी ५००. मागच्या लेखात मी म्हटलं की हा नियम काढून टाकावा. तुमचं म्हणणं असं की अट काढली की एकोळी पोस्टचा सुळसुळाट होतो. जुन्या इंग्रजी फोरमांवरचं लेखन कसदार होतं, ते या अटीमुळेच. आणि शेवटी, ‘ज्याला ३०० शब्द लिहायचा कंटाळा, त्याने रोलप्लेच्या वाटेला जाऊ नये. तुम्ही आळशांची वकिली करताय. एकदा गट चालवून बघा, मग बोला.’

एकोळी पोस्टचा त्रास मला मान्य आहे. आपण रात्री जागून पानभर लिहावं आणि समोरून ‘तो हसला आणि निघून गेला’ एवढंच यावं, की तळपायाची आग मस्तकात जाते. ही अट कुणी हौसेने घातलेली नाही, हेही कबूल. फोरमवर प्रत्येकाच्या नावाखाली पोस्टची संख्या दिसायची, त्या संख्येवर हुद्दे मिळायचे, आणि ‘हो’, ‘बरं’, ‘हाहा’ टाकून आकडा फुगवणारे महाभाग सगळीकडे होते. शिवाय चॅटरूममधून आलेली मंडळी दोन चांदण्यांच्या (*) मध्ये ‘हसते’, ‘तलवार काढतो’ असं लिहून मोकळी व्हायची. आपण त्यांच्यातले नाही हे दाखवायला फोरमवाल्यांनी ‘लिटरेट’ (म्हणजे नीट लिहिता येणारे) अशी पाटी लावली आणि दारात शब्दांची फूटपट्टी घेऊन मॉडला, म्हणजे गटावर देखरेख करणाऱ्याला, बसवलं.

प्रश्न एवढाच, की ती फूटपट्टी मोजते काय? उदाहरणच घेऊ. समजा समोरच्या खेळाडूचं पात्र इन्स्पेक्टर आहे आणि तुमचं पात्र एक विधवा बाई. त्याने विचारलंय, ‘त्या रात्री तुम्ही कुठे होतात?’ आता तुमची पाळी.

अट पाळून आलेलं उत्तर कसं असतं, ते तुम्हीही शेकड्याने वाचलं असेल. आधी तो प्रश्न तिच्या कानावर कसा पडला याचं वर्णन. मग बाहेरचा पाऊस. मग पडद्याचा रंग, तो पडदा नवऱ्याने कुठून आणला होता, नवऱ्याचा स्वभाव, लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मग इन्स्पेक्टरचा मिशीवाला चेहरा पाहून तिच्या मनात आलेले विचार. नमनालाच घडाभर तेल, आणि शेवटच्या ओळीत ‘घरीच होते,’ ती म्हणाली. मॉड शब्द मोजतो, ३१२ भरतात, पास.

आता हे बघा:

‘तिने बिनसाखरेचा चहा त्याच्यापुढे ठेवला. “तुम्हाला साखर चालत नाही ना?” ती म्हणाली. “मी घरीच होते.”’

पंधरा-सोळा शब्द आहेत. तुमच्या गटात ही पोस्ट परत पाठवली जाईल. पण समोरच्याला यातून काय काय मिळालं? त्याला साखर खरंच चालत नाही का, हे त्याचं त्याने ठरवायचं. मी त्याच्या पात्राला हात लावलेला नाही. चालत नसेल, तर ते हिला कसं माहीत? आणि चालत असेल, तर ही त्याला कुणाशी गल्लत करतेय? कप उचलायचा, की तसाच ठेवायचा? पुढचे चार-पाच डाव या एका कपातून निघतात. पहिल्या पोस्टमधून निघतो तो एकच, ‘बरं, आणखी कोण होतं घरी?’

माझा आक्षेप मुळात इथे आहे. अट घातली की लोक लिहायला शिकत नाहीत, भरायला शिकतात. आणि भरायला सर्वांत सोपं काय? पात्राच्या मनातले विचार. पण मनातलं समोरच्या पात्राला ऐकू जात नाही! इन्स्पेक्टरला त्या पडद्याचा इतिहास कळायचं काही कारण नाही. कळल्यासारखा वागला, तर तुम्हीच मेटागेमिंगचा, म्हणजे खेळाडूला ठाऊक असलेलं पात्राने वापरल्याचा, ठपका ठेवाल. म्हणजे खेळाडूने वाचायचे ३०० शब्द आणि पात्राच्या हाती लागायचे तीन. मनातलं लिहूच नये असं मी म्हणत नाही. वाचणाऱ्याला त्याची गोडी असते. पण शब्दसंख्या कमी पडली की हात आपसूक तिकडेच वळतो.

दुसरी भरती म्हणजे समोरच्याचीच पोस्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगणं. त्याने लिहिलं, दार उघडून आत आला. आपण लिहायचं, दाराचा आवाज झाला, तिने मान वर केली, तो आत आला होता. हे तर निव्वळ पाट्या टाकणं झालं.

आणि संवादात तर ही अट गोष्टीचा गळाच आवळते. समजा दोन पात्रं भांडतायत. खऱ्या भांडणात एक बोलतो, दुसरा तोडतो. ३०० शब्द भरायचे, तर माझं पात्र एका प्रश्नाचं उत्तर देतं, उलट एक प्रश्न विचारतं, खिडकीपर्यंत जातं, मागे वळून दुसरा प्रश्न विचारतं, नवा आरोप करतं आणि खुर्चीत येऊन बसतं. एवढा वेळ समोरचं पात्र काय करत होतं? तोंडात मिठाची गुळणी धरून उभं होतं का? मग समोरचा खेळाडू बिचारा आपल्या पोस्टमध्ये मागे जाऊन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग दुसऱ्याचं, मग आरोपाचं. दोन-तीन फेऱ्यांत एकाच खोलीत तीन वेगवेगळी संभाषणं सुरू असतात आणि कोण कशावर चिडलंय ते दोघांनाही आठवत नाही. त्यानंतर धागा, म्हणजे त्या गोष्टीच्या पोस्टची साखळी, थंडावतो. मॉडला वाटतं, लोकांचा उत्साह टिकत नाही.

लांब पोस्टशी माझं वैर नाही, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं बहुतेक. प्रसंगाची सुरुवात, प्रवास, स्वप्न, दोन सैन्यांची गाठ पडण्याआधीची रात्र, अशा जागी मी स्वतः हजारभर शब्द लिहिते आणि समोरच्यानेही लिहावेत असं मला वाटतं. लांबी प्रसंगाने ठरवावी, नियमावलीने नको, इतकंच.

आता जुन्या फोरमांबद्दल. तिथलं लेखन चांगलं होतं हे मी नाकारत नाही, पण श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. त्यातल्या बऱ्याच गटांत नुसतं खातं उघडून खेळता येत नसे. पात्राचा सविस्तर अर्ज भरायचा, त्याचा पूर्वेतिहास लिहायचा, सोबत लेखनाचा नमुना द्यायचा, आणि अ‍ॅडमिनने पसंत केलं तरच आत प्रवेश. चाळण लागायची ती तिथे.

शिवाय त्याच काळात शब्दांची अट न घालता चाललेली मोठी परंपरा आहे. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर आणि २००९ नंतर तशाच ड्रीमविड्थवर लोक कमेंटमधून रोलप्ले करत. पात्राची कृती चौकटी कंसात, वर्तमानकाळात, दोन-चार ओळींत लिहायची आणि लगेच समोरच्याला ‘टॅग’ करायचं. तिथेही हजेरी घेतली जाई, पण अनेक खेळांत ती शब्दांवर नसे, धाग्यात तुमच्या किती कमेंट आल्या यावर असे. म्हणजे मोजणी देवाणघेवाणीची. त्याहूनही मागे जायचं तर १९८९ मध्ये टाइनीमड हा अनेकांनी मिळून नुसत्या मजकुरातून खेळायचा खेळ आला, त्यातून मश नावाचे तसेच खेळ निघाले. तिथे सगळे एकाच वेळी ऑनलाइन. एकाची ‘पोज’ (पात्राच्या कृतीची ओळ) आली की दुसऱ्याने काही मिनिटांत लिहायचं. तिघंचौघं ताटकळत असताना एक जण पडद्याचा रंग रंगवत बसला, तर बाकीचे वैतागत. अशा खेळांतून मुरलेल्या लोकांना कमी कसदार म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तुमचा गट मराठीत लिहितो, म्हणून एक रोकडी गोष्ट. ३०० हा आकडा इंग्रजी गटांतून जसाच्या तसा उचललेला दिसतोय. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, ‘सुद्धा’-‘देखील’ सगळं शब्दाला चिकटून येतं. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा तुमच्या मोजणीयंत्राला एक शब्द. तेवढाच ऐवज इंग्रजीत लिहायला पाच-सहा शब्द लागतात. म्हणजे तुम्ही इंग्रजीवाल्यांपेक्षा बरंच जास्त मागताय. त्यात तुमचा गट डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर. तिथे फुकट खात्याला एका मेसेजमध्ये २,००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं. संगणकाच्या हिशेबात ती सहा आहेत. ३०० मराठी शब्द त्या मर्यादेच्या काठावरच जातात. तुमच्या खेळाडूंच्या पोस्ट अधूनमधून दोन तुकड्यांत येतात, अशी तुमचीच तक्रार आहे. त्याचं कारण तुमच्याच नियमावलीत आहे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ही अट ज्या गृहीतकावर उभी होती तेच आता कोसळलंय. पूर्वी ३०० शब्द लिहायला तासभर लागायचा. पोस्ट लांब, म्हणजे माणसाने वेळ दिला, इतकं तरी त्यावरून कळायचं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून ३०० शब्द फुकट झाले. एक ओळ टाकायची, ‘हे जरा वाढवून दे’ म्हणायचं, की पाऊस, पडदा, मनातली खळबळ सगळं काही सेकंदांत हजर. हे असलं भरताड लिहिण्यात यंत्राचा हात धरणारा कुणी नाही. चहाच्या कपासारखी खोच मात्र त्याला धाग्यातलं आधीचं सगळं सांगूनही क्वचित सुचते, निदान माझा अनुभव असा आहे. म्हणजे तुमची फूटपट्टी आज नेमकी फसवणाऱ्याला पास करते आणि विचार करून चार ओळी लिहिणाऱ्याला नापास. हा मुद्दा मागच्या लेखातही होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही.

आळशांची वकिली म्हणालात. अटीपायी जे गट सोडतात, त्यांत आळशी असतील, पण फक्त तेच नसतात. नगर किंवा परभणीकडची मराठी माध्यमातली मुलगी इंग्रजी गटात खेळायला जाते, तिला कल्पना भरपूर सुचतात, पण परक्या भाषेत ३०० शब्द जुळवताना तिच्या नाकीनऊ येतात. कुणी लोकलमध्ये उभ्याने फोनवर एका अंगठ्याने टाइप करतं. कुणाला डिस्लेक्सिया असतो. ही माणसं तुमच्या दारातूनच परत जातात, म्हणून ती तुम्हाला दिसत नाहीत. दिसतात ते आत येऊन एकोळी टाकणारे.

‘गट चालवून बघा’ म्हणालात, तर चालवते. लहानसा आहे, मराठी-इंग्रजी मिसळ चालते, शब्दांची अट नाही. एकोळी पोस्ट आमच्याकडेही येतात. आली की मॉड खाजगीत एकच प्रश्न पाठवतो: ‘यावर समोरच्याने काय लिहायचं?’ उत्तर देता आलं, तर पोस्ट राहते, मग ती कितीही लहान असो. नाही आलं, तर त्याच खेळाडूने ती बदलायची. ‘तो हसला आणि निघून गेला’ लिहिणाऱ्याला हे विचारलं, तर बहुधा तोच ओशाळून लिहितो की जाताना त्याची किल्ली टेबलावर राहिली. दोनतीनदा असं झालं की सवय लागते. ज्यांना लागत नाही, ते आपणहून गळतात, आणि एकदोघांना आम्ही निरोपही दिलाय.

पानभर लिहिणाऱ्याला पानभरच उत्तर हवं असेल, तर ते मागण्याचा त्याला हक्क आहे. पण त्याने ते धागा सुरू करताना जोडीदाराशी ठरवून घ्यावं: आपण साधारण किती लिहायचं, आठवड्यातून किती वेळा, प्रसंग संवादाचा आहे की वर्णनाचा. आमच्याकडे धाग्याच्या पहिल्या पोस्टवर तशी ओळ असते, ‘सावकाश, लांब’ किंवा ‘झटपट’. ज्याला जे झेपतं, तिथे तो जातो. दोन लांब लिहिणारे एकमेकांना मिळाले, की मग त्यांच्यात कुणी पडू नये. परवाच एका जोडीने नुसत्या घाट उतरण्याच्या वर्णनात आख्खा शनिवार घालवला.

यामुळे मॉडचं काम वाढतं, हा तुमचा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. शब्द यंत्र मोजतं. हा प्रश्न विचारायला माणसाला पोस्ट वाचावी लागते. तुमच्याएवढ्या मोठ्या गटात प्रत्येक पोस्ट वाचणं अशक्य असेल, तर सरसकट वाचू नका, जोडीदाराने तक्रार केली तरच बघा. आणि तेवढंही नको असेल, अट ठेवायचीच असेल, तर ती धाग्याच्या पहिल्या पोस्टपुरती ठेवा आणि संवादाचे प्रसंग तिच्यातून वगळा. महिनाभर हे करून बघा आणि इथेच खाली कळवा. भांडायला मी आहेच.