डिस्चार्जआधी उजवा हात आणि एक पाय

‘हृदयाला छिद्र असलेली बाळं हल्ली फार वाढली आहेत,’ हे मायदेशातल्या चर्चांत वारंवार ऐकू येतं. कुणी अन्नातल्या रसायनांवर बोट ठेवतं, कुणी उशिरा होणाऱ्या लग्नांवर. अमेरिकेत हे कमी असेल, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. इथेही हजार जिवंत जन्मांमागे आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणजे शंभरात जवळपास एक, आणि भारतातही साधारण हेच प्रमाण धरलं जातं. जन्मच जास्त असल्याने तिथे दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळं जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शाला लवकर उपचार लागतात. आकडा फुगलेला दिसतो तो बराचसा टू-डी इकोमुळे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीमुळे. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातली बारीक छिद्रं पूर्वी कुणाला न कळता बुजायची, आता ती रिपोर्टवर येतात.

वाद घालायचाच तर दोष कधी कळतो यावर घालावा. खरा फरक तिथे आहे.

गर्भात फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक वाहिनी असते, डक्टस. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ती मिटते. काही गंभीर दोषांत बाळाचं रक्ताभिसरण तिच्याच आधारावर चाललेलं असतं. तोवर बाळ दूध पितं, गुलाबी दिसतं, घरीही जातं. वाहिनी मिटली की काही तासांत कोसळतं. ऑक्सिजनची पातळी थोडीशी उतरली तर निळेपणा डोळ्यांना दिसत नाही, सावळ्या कांतीत तर आणखीच नाही. स्टेथोस्कोपने मर्मर, म्हणजे हृदयाचा वेगळा आवाज, ऐकू येईलच असंही नाही.

म्हणून अमेरिकेत 2011 साली पल्स ऑक्सिमीटरची, म्हणजे त्वचेवरून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची तपासणी नवजात बाळांच्या शिफारशीत आली आणि राज्याराज्यांत सक्तीची होत गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सक्ती केलेल्या राज्यांत अशा गंभीर दोषांमुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे 33 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

तपासणी काही मिनिटांची आहे. बाळ 24 तासांचं झालं की जागं पण शांत असताना उजव्या हाताला आणि कोणत्याही एका पायाला प्रोब, म्हणजे यंत्राचा सेन्सर, लावायचा. उजवाच हात, कारण त्याला रक्त डक्टसच्या आधी मिळतं. डाव्या हाताचं आकडेमोडीत धरू नये. दोन्हीकडे ऑक्सिजन 95 टक्के किंवा अधिक आणि फरक 3 पर्यंत, तर ठीक. कुठेही 90 च्या खाली, तर लगेच डॉक्टर आणि इको. मधले आकडे आले किंवा फरक 3 हून जास्त असला तर तासाभराने पुन्हा. तरीही तसंच असेल तर इको.

चुका बहुतेक लावण्यात होतात. मोठ्यांचा बोटाला लावायचा चिमटा इथे चालत नाही, नवजात बाळाचा पट्टीचा प्रोब हवा. दिवा आणि सेन्सर एकमेकांसमोर यायला हवेत. पाय गार असेल, बाळ रडत असेल किंवा वरून फोटोथेरपीचा (काविळीवरच्या प्रकाशोपचाराचा) प्रखर उजेड पडत असेल, तर आकडा भरवशाचा राहत नाही. स्क्रीनवरची नाडीची लाट स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहू नये.

‘शस्त्रक्रियेची सोयच नसेल तर शोधून काय करायचं?’ हा मायदेशातला आक्षेप मला पटत नाही. वेळेत कळलं तर प्रोस्टाग्लॅंडिनच्या औषधाने वाहिनी उघडी ठेवता येते आणि बाळाला मोठ्या केंद्रात हलवता येतं. मात्र या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, त्यामुळे वाटेत श्वास देण्याची तयारी लागते. शिवाय तपासणीत अडलेल्या कितीतरी बाळांचं हृदय चांगलं असतं, पण जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया सापडतो. तोही वेळेत सापडलेला बरा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आहेतच. त्याला प्रत्येक प्रसूतिगृहात हे दोन आकडे जोडावेत, एवढीच माझी मागणी. आई 24 तासांआधी घरी निघाली तरी जाण्यापूर्वी मोजावं. थोडे जास्त खोटे इशारे येतील, ते चालतील.

अमेरिकेची तपासणीही सगळं पकडत नाही. चारपैकी साधारण तीन गंभीर दोष सापडतात. महाधमनी अरुंद असण्याचा दोष बऱ्याचदा निसटतो, म्हणून मांडीतली नाडी बोटांनी तपासणं सुटू नये. दूध पिताना दमणं, कपाळाला घाम, वजन न वाढणं, श्वास भराभर चालणं यांतलं काहीही दिसलं तर आधीचा ‘पास’ बाजूला ठेवून त्याच दिवशी बाळाला दाखवावं.