टक-टक करणाऱ्या डिस्कवर विंडोज मारू नका

गेले काही महिने एक मेसेज माझ्याकडे फिरून फिरून येतोय. कधी गिऱ्हाईक पाठवतं, कधी वर्गमित्र, आणि खाली विचारलेलं असतं, 'हे खरंय का रे?' मेसेजचा मथितार्थ असा: हार्ड डिस्क आवाज करत असेल किंवा कॉम्प्युटर सारखा हँग होत असेल तर दुकानात पैसे घालवू नका. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी जोडून चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम) चालवा, सगळे बॅड सेक्टर (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा) दुरुस्त होतात. मग फॉरमॅट मारून विंडोज टाका, डिस्क नव्यासारखी चालते. फाइल्सची काळजी करू नका, त्या नंतर फुकटच्या सॉफ्टवेअरने परत मिळतात.

मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. यातल्या सगळ्या पायऱ्या करून झाल्यावर लोक डिस्क घेऊन माझ्याकडे येतात, आणि तोवर माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय.

फ्रीजरचं आधी उरकतो. डिस्कमध्ये डेटा एका फिरत्या तबकडीवर असतो आणि तो वाचतं-लिहितं ते हेड. जुन्या काळच्या काही डिस्कमध्ये हे हेड तबकडीला चिकटून बसायचं. गारठ्याने धातू किंचित आकसून ते सुटायचं आणि एखाद्याची डिस्क तासभर चालायची. तेवढ्यावर ही गोष्ट आजतागायत जगली आहे. आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या कित्येक हजार पट जाड असतो. आणि बहुतेक डिस्क हवाबंद नसतात, त्यांना गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कला आतून सुटू शकतं. त्या दवावरून हेड फिरलं की तबकडी ओरखडते, आणि ओरखडलेल्या जागेवरचा डेटा जगातली कुठलीही लॅब परत देऊ शकत नाही.

आता चेकडिस्क. सगळ्यात जास्त नुकसान मी याच पायरीचं पाहिलंय, कारण ती विंडोजमध्येच मिळते आणि निरुपद्रवी वाटते.

चेकडिस्कचं काम फाइल्स वाचवणं हे नाहीच. फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं हे त्याचं काम. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याच्या नोंदी तो तपासतो, आणि जी नोंद जुळत नाही ती छाटून टाकतो. छाटलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, मूळ नाव हरवून, नुसते क्रमांक लावून. चांगल्या डिस्कवर वीज गेल्यामुळे घोळ झाला असेल तर हे ठीक आहे. पण डिस्कच नीट वाचली जात नसेल तर चांगली नोंदसुद्धा त्याला चुकीची दिसते, आणि तो ती त्याच मरत्या डिस्कवर 'सुधारून' लिहितो. वर बॅड सेक्टर शोधायचा पर्याय दिला की तो सगळी डिस्क, रिकामी जागा धरून, सेक्टर न् सेक्टर वाचायला घेतो. दुखऱ्या सेक्टरपाशी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. अशा डिस्ककडे मोजकेच तास उरलेले असतात, ते रिकामी जागा तपासण्यात जातात.

बॅड सेक्टर 'दुरुस्त' होतो हेही खरं नाही. चेकडिस्क ती जागा वापरू नका अशी नोंद करून ठेवतो, एवढंच. तिथला जो मजकूर वाचता आला नाही तो गेलेलाच असतो.

गेल्या पावसाळ्यात डीटीपीचं काम करणारे एक काका आले होते. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीत. आदल्या संध्याकाळी डिस्क संथ चालत होती, पण फोल्डर उघडत होते. रात्री पुतण्याने मेसेज वाचून चेकडिस्क लावला. अकरा टक्क्यांवर तो अडकला आणि सकाळी डिस्क दिसेनाशी झाली. मी ती जोडून वर तळहात ठेवला. तबकडी फिरायला लागल्याचं हाताला कळलं, मग टक. हेड परत मागे. पुन्हा टक. पाच-सहा वेळा असं झालं आणि तबकडी हळूहळू थांबली. हेडला आपली वाटच सापडत नव्हती. पुढचं काम धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या लॅबचं, माझं नाही. काका काही बोलले नाहीत, नुसते त्या डिस्ककडे बघत बसले. आदल्या संध्याकाळी डिस्क बंद करून आणली असती तर बरंचसं काम उतरवून घेता आलं असतं असं मला आजही वाटतं.

'फॉरमॅट मारा, नव्यासारखी होते.' क्विक फॉरमॅट फक्त नोंदवही कोरी करतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून डिस्कभर शून्य लिहितो, त्यानंतर शोधायला काही राहत नाही. आणि क्विक फॉरमॅट मारून वर विंडोज टाकली तरी ती कित्येक जीबी जागा व्यापते. ज्या जागेवर ती बसते तिथल्या जुन्या फाइल्स कायमच्या जातात.

मग लोकांना गुण का येतो? कारण दुखऱ्या सेक्टरवर नवीन काही लिहायला गेलं की डिस्क स्वतःच त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते. स्मार्ट नावाच्या तिच्या तब्येतीच्या नोंदीतला 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे वाचता न आलेल्या जागांचा, आकडा शून्य होतो, कॉम्प्युटर पळायला लागतो आणि माणूस खूश होऊन मेसेज पुढे पाठवतो. पण आजार तबकडीत किंवा हेडमध्ये असतो, तो तिथेच राहतो. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी मरण्याआधी स्मार्टमध्ये कुठलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे नोंद वाईट असेल तर विश्वास ठेवा. चांगली असेल तर निर्धास्त होऊ नका.

एक गोष्ट मान्य करतो. कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा दोष दर वेळी डिस्कचा नसतो. स्मार्टच्या नोंदीत सीआरसी एररचा, म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क जोडणारी साटा केबल खराब असते, ती बदलली की काम होतं. आणि डिस्क ठणठणीत असून विंडोजच बिघडली असेल तर ती नव्याने टाकणं हाच उपाय आहे, फाइल्सची प्रत काढून झाल्यावर.

'डिलीट झालेलं परत मिळतं' हे जुन्या फिरत्या डिस्कवर अर्धं खरं आहे, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखा चांगला फुकट प्रोग्रॅम फाइल काढून देतो, पण नाव आणि फोल्डर देत नाही. हजारो फाइल्स नुसत्या आकड्यांच्या नावाने समोर येतात, त्यातून एक पत्रिका शोधा. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेल्या ड्राइव्हवर, तर तेही नाही. तिथे विंडोज ट्रिम नावाची सूचना देऊन मोकळी जागा कळवते आणि ड्राइव्ह ती पुसून टाकतो.

मग करायचं काय? डिस्क टक-टक करत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करून बघू नका. लॅब महाग असते, हे खरं आहे. पण परवडते की नाही हे डिस्क उघडण्याजोगी असताना ठरवा. आवाज नसेल, नुसती संथ असेल, तर त्या डिस्कवरून विंडोज चालू करू नका, कारण विंडोज गप्प बसलेली दिसली तरी मागे काहीतरी लिहीत असते. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून, तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रत काढा. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उतरवतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी तिच्याकडे परत येतो. कुठवर आलो याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. चेकडिस्क, फोटोरेक, जे काही प्रयोग करायचे ते या प्रतीवर करा.

विंडोज नव्या एसएसडीवर टाका. डिस्क बदलली की लायसन्स पुन्हा विकत घ्यावं लागतं अशी भीती घालतात. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे आधी ॲक्टिव्हेट असलेली तीच आवृत्ती इंटरनेट जोडल्यावर सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते.

आणि मेसेजमध्ये अजिबात नसलेली एक गोष्ट. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. अशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ती ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली नसेल तर लॅबने काढलेली प्रतही उघडत नाही. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर आजच ती कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.