अकरा हजारांची ठेव आणि ७७० रुपये

गेले दोन आठवडे एक मेसेज आमच्या गावातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘सांस्कृतिक संस्थांकडे लाखोंच्या ठेवी पडून आहेत. वर सरकारी अनुदान, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा. तरी हे पावतीपुस्तक घेऊन दारात उभे. तिकीट लावा, नाहीतर बंद करा.’ मी अशाच एका संस्थेचा बारा वर्षं खजिनदार आहे. पावतीपुस्तक माझ्याच पिशवीत असतं.

ठेवी आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्या कसल्या आहेत ते बघा. १९८८ साली एका घराने वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी एक व्याख्यान व्हावं म्हणून ११,००० रुपये दिले. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही लेखी अट. तेव्हा व्याज दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे अकराशे रुपये. त्यात वक्त्याचं एसटीचं भाडं, मानधनाचं पाकीट, शाल-श्रीफळ आणि सगळ्यांचा चहा भागायचा. आज सात टक्क्यांनी ७७० रुपये येतात. त्यात बरीशी शाल आणि नारळ होतो. वक्ते आता गाडीने येतात आणि माइकवाला उधारी ठेवत नाही. व्याख्यान थांबवायची सोय नाही. त्या घरची माणसं दरवर्षी पहिल्या रांगेत बसलेली असतात. अशा एकोणीस ठेवी आहेत. ताळेबंदात बेरीज भारदस्त दिसते, पण तिच्यातून विजेचं बिल भरता येत नाही.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गवारीनुसार मिळतं ते सार्वजनिक ग्रंथालयांना. आमच्या गाण्याच्या मंडळाला तो कायदा लागूच नाही. साहित्य संमेलनाला सरकार दोन कोटी देतं, ते त्या एका संमेलनापुरतं.

सीएसआर? कंपनी कायद्यातल्या यादीत कला-संस्कृती आहे, हे मेसेजवाल्याचं बरोबर. पण नफ्याचे दोन टक्के त्यावर खर्च करायचं बंधन कोणावर? नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीवर. आमच्या तालुक्यात मोठा उद्योग म्हणजे दोन जिनिंग आणि एक दूध संघ. शिवाय देणाऱ्याला पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं. तबल्याच्या शाईवर पाटी कुठे लावणार?

राहिलं तिकीट. लावून पाहिलं. एका कार्यक्रमाला शंभर रुपये ठेवले, तीनशे खुर्च्यांपैकी ऐंशी भरल्या. आठ हजार आले. नेपथ्याचा टेम्पो, प्रकाशयोजना आणि हॉलचं भाडं मिळून त्याच्या तिप्पट गेले. आणि समजा धडाक्यात चाललं, तरी आयकराची मेख आहेच: आमच्यासारख्या न्यासाची धंद्याच्या स्वरूपाची मिळकत एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची करमाफी धोक्यात येते. तिकीट त्यात धरायचं की नाही, यावर आमचे सीए दर वर्षी कपाळाला हात लावतात.

हिशेब बघायचा असेल तर वार्षिक सभेत मांडलेला असतो. यंदा नऊ जण आले, त्यातले सात पदाधिकारी. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत आमचे दोन आजीव सभासद दिसले. १९९४ साली दोघांनी ५०१ रुपये भरले होते. त्यानंतर त्यांच्या नावाची पावती फाडलेली मला तरी सापडली नाही.