उकळून प्या, पण कुठवर?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, लोकांनाच शिस्त नाही, पाणी उकळायला काय जातं? दुसरा म्हणे, महापालिकेतल्या चार जणांना घरी बसवा. मी कॅनडात टोरांटोजवळच्या रुग्णालयात गुणवत्ता सुधारणेचं काम करतो. एकदा झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून कामाची पद्धत बदलायची, हा रोजचा उद्योग. मला दोन्ही तट अपुरे वाटले.

त्याच पट्ट्यातल्या धायरीच्या आत्याला उकळण्याचं महत्त्व कोणी सांगायला नको. तिच्या सोसायटीच्या टाकीत नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं. मोठं पातेलं चढवायचं, निववायचं, गाळून पिंपात भरायचं, आणि सिलिंडर वेळेआधी संपला की नंबर लावायचा. तिच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पाणी उकळत बसले तर कामाला कधी येऊ?" माहिती आहे, इच्छा आहे, सोय नाही. तिथे पत्रकं वाटून काय होणार?

"तुमच्याकडं असलं काही होत नसेल ना रे?" आत्यानं विचारलं. झालंय की. मी राहतो त्याच ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकरटन गावात मे २०००मध्ये धो धो पावसानंतर शेतातल्या शेणखताची घाण विहिरीत उतरली. ७ माणसं गेली, २,३००हून अधिक आजारी पडली. पाण्यात ई. कोलाय हा जंतू होता आणि कॅम्पिलोबॅक्टरही. यातला दुसरा जंतू जीबीएसला निमित्त ठरतो आणि पुण्यातल्या रुग्णांतही सापडला. वॉकरटनच्या नोंदवहीत मात्र क्लोरीन कायम झकास असायचं, लिटरमागे ०.५ नाहीतर ०.७५ मिलिग्रॅम. मोजायचं कोण? आकडा टाकून मोकळं व्हायचं. पाणीपुरवठा सांभाळणारे दोघे भाऊ स्वतः ते पाणी क्लोरीनशिवाय पीत, त्यांना त्यात गैर काही वाटत नसे.

भावांना शिक्षा झाली. पण चौकशी करणारे न्यायमूर्ती ओ'कॉनर तेवढ्यावर थांबले नाहीत. खोटे आकडे इतकी वर्षं खपले कसे? विहिरीवर सतत क्लोरीन मोजणारं यंत्र नव्हतं. सरकारी तपासणीत लबाडी पकडली गेली नाही. खासगी प्रयोगशाळेला दूषित नमुना आढळला तरी आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं बंधन नव्हतं. पुढे नियम बदलले, प्रयोगशाळांवर ते बंधन आलं.

म्हणून इकडचे गोडवे गावेत असंही नाही. ऑन्टारिओच्याच उत्तरेला नेस्कांटागा या आदिवासी वस्तीत पाणी उकळून पिण्याची सूचना १९९५पासून लागू आहे. देश श्रीमंत, पण वस्ती केंद्राच्या अखत्यारीत, आणि पाण्याचा कायदा प्रांताचा.

हद्दीचा हा घोळ पुणेकरांच्या ओळखीचा. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर, तरी साथीच्या वेळी नळाला विहिरीचं पाणी होतं, शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकलेलं. ग्रामपंचायतीत निदान टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट, पाण्याच्या धोक्यानुसार मिळणारी लाल-हिरवी कार्डं एवढं तरी ठरलेलं असतं. हद्दीत आल्यावर ते काम कोणाच्या गळ्यात पडलं, हे मला आत्याच्या ग्रुपवर कोणी सांगू शकलं नाही.

सोसायटीनं आता आरओ मशीन घ्यायचं ठरवलंय. घ्या बापडे, पण त्या साथीत खासगी आरओ केंद्रांचं पाणीही दूषित निघालं होतं. मी नगरसेवकाला वेगळंच विचारलं असतं. गल्लीच्या शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं, तर फोन कोणाला जातो? आणि व्हॉल्व्ह बंद करायला त्याला वरून सही लागते का?