काडतूस म्हणजे हत्यार नाही, असं सांगणारा मेसेज शेतकऱ्याला तुरुंगात नेईल

धान भरायला लागलं की आमच्या साकोलीकडच्या गावांत जागली सुरू होते. डुक्कर एका रात्रीत अख्खी बांधी लोळवून जातं, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच कळतं. नेमक्या याच दिवसांत दरवर्षी एक मेसेज ग्रुपांवर फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परवाना फक्त बंदुकीला लागतो, काडतुसाला नाही. परवानेवाला आपल्या वाट्याची काडतुसं कोणालाही विकू शकतो. रबरी गोळी तर कायद्यात बसतच नाही. आणि पिकाच्या रक्षणासाठी डुक्कर मारायला शेतकऱ्याला मोकळीक आहे. मागच्या आठवड्यात माझ्या पुतण्यानेच मला तो पाठवला, म्हणून हे लिहितोय.

पहिलीच गोष्ट खोटी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ बंदूक आणि दारूगोळा दोन्हींची नावं घेतं. घरात बंदूक नाही, नुसती बारा बोरची चार काडतुसं आहेत, तरी परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना काडतूस बाळगायची शिक्षा कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड. ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाही हवी तेवढी ठेवता येत नाहीत. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं.

एका काडतुसाने गुन्हा होत नाही, कोर्टाचा निकाल आहे, असंही त्यात घुसवलंय. निकाल आहेत, पण ते वेगळेच आहेत. विमानतळावर कोणाच्या बॅगेच्या तळाशी एखादं काडतूस निघालं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता, अशी काही प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. मुद्दा जाणीवपूर्वक ताब्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच गुणवंतलाल खटल्यात सांगितलंय की ताब्यात जाणीव हवी, पण वस्तू अंगावरच सापडायला हवी असं नाही. तुम्ही डुकरासाठी म्हणून एलजीची (जाड छऱ्यांची) काडतुसं आणून कोठीत दडवली, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कोण मानेल?

विक्रीची गोष्ट सगळ्यात घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे. स्वतःच्या वापरासाठी घेतलेला दारूगोळा परवानेवाला दुसऱ्याला देऊ शकतो, पण घेणाराही कायद्याने तो बाळगायला पात्र पाहिजे. शिवाय घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाणेदाराला आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मेसेजवाल्याने हा भाग नेमका गाळलाय. विक्रीचा हा नियम, म्हणजे शस्त्र अधिनियमाचं कलम ५, मोडून विकणाऱ्याला आता किमान ७ वर्षं आहेत आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. पाच काडतुसांवर दोनशे रुपये सुटतील म्हणून कोणी हे डोक्यावर घेऊ नये.

रबरी गोळीचं सोपं आहे. बंदुकीतून उडवायचं ते काडतूस दारूगोळाच. आत शिसं आहे की रबर, याने परवाना सुटत नाही. विषारी वायू किंवा द्रव भरलेलं काडतूस तर प्रतिबंधित दारूगोळ्यात जातं, ते आपल्या साध्या परवान्यावर येतच नाही. सूट आहे ती ०.१७७ बोरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला.

आता डुकराचं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यायची, मारल्यावर नाही. आणि आम्ही नागझिरा अभयारण्याच्या अंगाला राहणारी माणसं. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या परवानेवाल्याला आपलं नाव वनखात्याकडेही नोंदवावं लागतं. तिथे नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय निघत नाही. हे आमच्यापैकी कितीजणांना कोणी सांगितलंय? नुकसान आमचं होतं, पंचनाम्यासाठी चकरा आम्ही मारतो, आणि सल्ला मात्र मोबाईलवरून असा खोटा मिळतो. याचा मला खरंच राग येतो.

वारलेल्या माणसाची बंदूक-काडतुसं आपोआप पोराच्या नावावर होतात, ही मेसेजची शेवटची ओळ. आमचे आबाजी वारले तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत धोतरांच्या खाली सात काडतुसं निघाली. कागदी पुंगळ्या दमटपणाने फुगलेल्या, पितळी बुडाला हिरवा कळंक. बंदूक त्यांनी हयातीतच विकली होती, ही राहून गेलेली. बाबा म्हणाले, विहिरीत टाकून देऊ. पण कायदा सांगतो की परवानेवाला गेला की त्याचा दारूगोळा विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचा. वारसाने स्वतःचा परवाना काढला तर परत मिळतो, नाहीतर रीतसर विकता येतो. काका पोलीस पाटलांना सोबत घेऊन गेले, सातही मोजून दिली आणि पोच घेतली. ती पोच अजून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये आहे. तुमच्या घरी अशी जुनी पेटी असेल तर या आठवड्यात उघडून बघा, आणि काही निघालं तर एकट्याने नेऊ नका, पाटलांना बोलवा.