रीच पडणार हे माहीत असूनही

(स्पॉयलर भरपूर आहेत. ‘हेलो: रीच’ अजून खेळला नसेल आणि खेळायची इच्छा असेल, तर आधी खेळून या, मग वाचा.)

गेली कित्येक वर्षं माझं एक मत पक्कं आहे. शूटर गेमचा प्रीक्वेल, म्हणजे मूळ कथेच्या आधीची गोष्ट सांगणारा गेम, कसा करावा, हे ‘हेलो’ बनवणाऱ्या बंजी स्टुडिओने २०१० मध्ये ‘हेलो: रीच’मधून दाखवून दिलं आणि त्यातून फार थोड्यांनी काही घेतलं.

२००१ चा पहिला ‘हेलो’ सुरू होतो तेव्हा ‘पिलर ऑफ ऑटम’ हे जहाज रीच ग्रहावरून कसंबसं निसटलेलं असतं. पृथ्वीनंतर माणसांचा सगळ्यात मोठा लष्करी बालेकिल्ला कव्हनंटच्या, म्हणजे माणसांशी लढणाऱ्या परग्रहवासीयांच्या, हाती पडलाय, एवढंच आपल्याला कळतं आणि गेम पुढे जातो. त्याच वर्षी आलेल्या कादंबरीत हा पाडाव सविस्तर होता. त्यामुळे १४ सप्टेंबर २०१० ला ‘रीच’ आला, तेव्हा मालिकेच्या चाहत्यांना निकाल आधीच ठाऊक होता. बंजीने तो लपवलाही नाही. शेवट तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, असं जाहिरातीतच सांगून टाकलं. गेम उघडतो तोच काचेला भोक पडलेल्या, जमिनीवर पडलेल्या हेल्मेटवर. ते हेल्मेट नोबल सिक्सचं, म्हणजे आपण जो स्पार्टन (खास घडवलेला महासैनिक) खेळणार आहोत त्याचं.

इथे त्यांनी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय बरोबर घेतला: आधीच्या गेम्सचा नायक मास्टर चीफ इथे नायक नाही. तो असता तर धोकाच उरला नसता, कारण तो पुढचे तीन गेम जगणार हे आपल्याला माहीत आहे. २०१३ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर: जजमेंट’ या दुसऱ्या मालिकेतल्या प्रीक्वेलने नेमकं उलटं केलं. त्याचे नायक बेअर्ड आणि कोल पुढच्या गेम्समध्ये धडधाकट आहेत, मग कितीही गोळ्या सुटल्या तरी त्यांच्यासाठी जीव टांगणीला लागत नाही. ‘रीच’मधली नोबल टीम ही सहा स्पार्टनची तुकडी मात्र आधीच्या गेम्समध्ये कुठेच नव्हती. ते सहाजण पुढे का दिसले नाहीत, याचं उत्तर पहिल्या मिशनपासून मनात घर करून बसतं.

त्यातला जॉर्ज माझ्यासाठी या गेमचं काळीज आहे. बाकीचे स्पार्टन-थ्री, हा एकटाच जुन्या पिढीचा स्पार्टन-टू. अंगाने सगळ्यांपेक्षा आडवातिडवा, पण पहिल्याच मिशनमध्ये घाबरलेल्या एका तरुणीशी हेल्मेट काढून, तिच्या भाषेत, हंगेरियनमध्ये बोलणारा. हा ग्रह त्याची जन्मभूमी आहे. पुढे कव्हनंटचं प्रचंड सुपरकॅरिअर जहाज उडवायचा बेत ठरतो, ऐन वेळी बॉम्बचा टायमर बिघडतो आणि कोणीतरी मागे थांबून तो हाताने उडवणं भाग पडतं. जॉर्ज सिक्सला उचलून सरळ अंतराळात ढकलून देतो. या ग्रहाने मला खूप दिलं, आता परतफेडीची वेळ आली, अशा अर्थाचं बोलून तो मागे थांबतो. शत्रूचं जहाज नष्ट होतं. आपण मोकळा श्वास घेतो न घेतो, तोच कव्हनंटचा ताफाच्या ताफा आकाशात प्रकट होतो.

आपण रीच वाचवलं, याच समजुतीत जॉर्ज गेला. आपल्याला मात्र हे मिशन सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं की रीच वाचणार नाही. खेळणाऱ्याला जे ठाऊक आहे आणि पात्राला जे ठाऊक नाही, त्या अंतरात प्रीक्वेलची खरी ताकद असते. सामान्य गेमला ही ताकद मिळूच शकत नाही. बहुतेक प्रीक्वेल ती सोडून अमक्याला हे शस्त्र कसं मिळालं, तमक्याचा व्रण कुठला, असल्या प्रश्नांची उत्तरं देत बसतात.

टीममधल्या कॅटच्या मरणाबद्दल अजून वाद होतात. ना लढाई, ना निरोप. चालता चालता स्नायपरची एक गोळी डोक्यात. काहींना ते लेखकांनी उरकल्यासारखं वाटतं. मला ते पूर्ण पटतं. त्याच्या आधी नागरिकांनी भरलेलं जहाज आपल्या डोळ्यांदेखत कोसळतं. अशा शहरात सगळ्यांनाच वीरमरण मिळेल, ही अपेक्षा कशाला करायची? त्यात कव्हनंटचे एलिट्स, म्हणजे त्यांचे वरिष्ठ योद्धे, इथे फक्त स्वतःच्या भाषेत बोलतात, आपल्याला एक अक्षर कळत नाही, त्यामुळे ते आधीच्या गेम्सपेक्षा कितीतरी जास्त परके आणि भयंकर वाटतात.

आणि मग शेवटचं मिशन, ‘लोन वुल्फ’. ‘पिलर ऑफ ऑटम’ निसटलंय, श्रेयनामावली संपलीय आणि गेम पुन्हा तुमच्या हातात येतो. उद्दिष्ट एकच: जिवंत राहा. शत्रू येत राहतात. हेल्मेटच्या काचेला एकेक तडा जातो आणि त्या तड्यांतून तुम्ही नेम धरता. हे मिशन जिंकताच येत नाही. चांगलं खेळलात तर जरा जास्त वेळ टिकाल, बस. शूटर गेम आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतो की कौशल्य असेल तर सुटका आहे. इथे तीच सवय वापरून हरणं म्हणजे काय ते आपल्या हातांना शिकवलं जातं. कटसीनमधून, म्हणजे नुसत्या बघायच्या दृश्यातून, हे कधीच साधलं नसतं.

दोष आहेतच. टीममधल्या एमिलला कवटी कोरलेल्या हेल्मेटपलीकडे फारसं काही दिलेलं नाही. टीमप्रमुख कार्टरचं बलिदान पाठोपाठच्या मृत्यूंच्या रांगेत हरवून जातं. कादंबरीतल्या घटनाक्रमाशी गेमचा मेळ बसत नाही, त्यावर जुने चाहते चिडले ते रास्तच होतं. कॉर्टाना या कृत्रिम बुद्धिमत्तेचा तुकडा जहाजापर्यंत पोचवण्याचा धागाही मला जरा ओढूनताणून वाटतो. नुसते लोक वाचवण्यासाठी लढले असते तरी माझं समाधान झालं असतं. मल्टिप्लेअरमधल्या, खेळाडूला काही क्षण अभेद्य करणाऱ्या आर्मर लॉकबद्दल मी आज बोलत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी भांडायला तयार आहे. पीसीवर ‘मास्टर चीफ कलेक्शन’ या जुन्या ‘हेलो’ गेम्सच्या संचात ‘रीच’ डिसेंबर २०१९ मध्ये आला आणि पहिला ‘हेलो’ मार्च २०२० मध्ये, त्यामुळे कित्येकांनी मालिका ‘रीच’पासूनच सुरू केली. कथेच्या कालक्रमाने ते बरोबर दिसतं, तरी नवीन माणसाला मी तसं कधीच सांगणार नाही. आधी २००१ चा खेळा. रीचचं नाव नुसतं कानावरून जाऊ द्या. मग ‘रीच’ खेळा, आणि तो संपला की लगेच पुन्हा जुना गेम लावा. पहिल्या खेपेला ‘पिलर ऑफ ऑटम’च्या त्या करड्या बोळांत तुम्ही फक्त बटणं शिकत होतात. दुसऱ्या खेपेला ते जहाज तिथवर कोणामुळे पोचलं, हे तुम्हाला नावानिशी माहीत असेल.